न खटकण्याचा अभ्यासक्रम

लेखा तंत्रज्ञांची नोंदवही येत्या तीस जूनला कायमची बंद होणार, असं मंडळाचं पत्र आलं तेव्हा रेवा मगदूम एका बेदाणा व्यापाऱ्याला विचारत होती, की 'पाहुणे, चहा आणि इतर' या सदरात त्यानं घातलेली म्हैस यातल्या नेमक्या कशात बसते.

व्यापारी थोडा वेळ विचार करून म्हणाला, "इतर."

हेच तिचं काम होतं. हिशेब लिहिण्याचं काम यंत्रांनी घेऊन बरीच वर्षं झाली होती. पण माणसाला न दुखावता प्रश्न विचारायचं काम अजून त्यांना साधलं नव्हतं. यंत्रानं म्हशीबद्दल विचारलं, की व्यापारी वकिलाकडे धावायचा. रेवानं विचारलं, की 'इतर' म्हणायचा आणि वर चहा मागवायचा. या कौशल्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांचा लेखा तंत्रज्ञ अभ्यासक्रम होता. तो तिनं पहिल्या फटक्यात पूर्ण केला होता आणि जयसिंगपुरात आरवाडे सरांच्या ऑफिसात चार वर्षं ती अशा म्हशी जागेवर बांधत होती.

मंडळाचं पत्र अतिशय सभ्य होतं. 'आता तुमची गरज नाही' असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं. तंत्रज्ञांना पुढील शिक्षणाच्या दोन संधी उपलब्ध करून देण्यात मंडळाला आनंद होत आहे, असं लिहिलं होतं. पहिली संधी सनदी साक्षी. दुसरी संधी सनदी नियोजक. एकीसाठीच अर्ज करता येईल आणि एकदा केलेली निवड बदलता येणार नाही. हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत होतं. सरकारी पत्रांत बरीच वाक्यं ठळक अक्षरांत असतात. हे खरंही होतं.

ते का, हे समजायला थोडं मागं जायला हवं.

हिशेब यंत्रं लिहू लागली, तेव्हा ते तपासायलाही यंत्रंच बसवण्यात आली. काही वर्षं सगळं निर्मळ चाललं. मग खोटे हिशेबही यंत्रंच लिहू लागली. ते इतके नेटके असायचे, की तपासणारं यंत्र त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यायचं. खऱ्या हिशेबांना नव्वदच्या आसपास पडायचे, कारण खऱ्या हिशेबात कुठंतरी म्हैस असते. ओळीनं पाच मोठ्या कंपन्या पैकीच्या पैकी गुण मिळवून बुडाल्या, तेव्हा सरकारला माणसांची आठवण झाली.

त्याच सुमारास नलिनी हळदीपूर नावाच्या मेंदूशास्त्रज्ञ बाई निवृत्त हिशेबतपासनिसांच्या स्मरणशक्तीवर काम करत होत्या. म्हाताऱ्यांच्या डोक्यावर मेंदूतली वीज मोजणारी टोपी घालायची आणि त्यांना जुने ताळेबंद वाचायला द्यायचे, एवढाच प्रयोग होता. त्यात बाईंना दिसलं ते असं. समोर येणारी गोष्ट आणि मेंदूनं गृहीत धरलेली गोष्ट जुळली नाही, की सुमारे चारशे मिलिसेकंदांत डोक्याच्या मध्यावर एक बारीक विद्युतलहर उमटते. एवढं जुनंच ज्ञान होतं. नवं हे, की बनावट आकडा नजरेखालून गेला तरी ती लहर उमटत होती, आणि त्या माणसाला स्वतःला त्याचा पत्ताही नसायचा. म्हातारा 'ठीक आहे' म्हणून पान उलटायचा. त्याचा मेंदू आधीच दचकलेला असायचा. बाईंनी या लहरीला 'खटक' म्हटलं आणि ती शंभरापैकी गुणांत मोजता येईल असं यंत्र बांधलं.

प्रयोगातले बरेचसे ताळेबंद त्या म्हाताऱ्यांनी स्वतःच सही करून पास केलेले होते. म्हणजे खटक तेव्हाही झालीच असणार. फी जमा झाल्यावर ती थांबली असावी. याबद्दल बाईंच्या निबंधात फक्त एक तळटीप आहे.

बाईंचा दुसरा शोध जास्त महत्त्वाचा. तेच खोटं पुन्हा पुन्हा समोर आलं, की खटक बारीक होत जाते आणि शेवटी विझते. मेंदू वीज वाचवतो. नवऱ्याचं 'निघालोच', दुकानदाराचं 'तुमच्यासाठी म्हणून', सासूचं 'मला काय, कसंही चालतं' यांना घरात कुणाचीच खटक उमटत नाही. संसार या विजेच्या बचतीवर चालतात.

तिसरा शोध बाईंचा नव्हता, उद्योगांचा होता. कानामागून सौम्य विद्युतप्रवाह देत सराव करून घेतला, तर खटकेला हवं ते वळण लावता येतं. साक्षीनं खोटे हिशेब पकडायचे, म्हणून त्याच्या अभ्यासक्रमाच्या अडीच वर्षांत चाळीस हजार खोटी विधानं ऐकवून मेंदूची सवय लागण्याची सोयच काढून टाकायची. मग तेच खोटं हजाराव्यांदा ऐकलं तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं खटकतं, आणि डावी पापणी आपोआप उडते. नियोजकाच्या दीड वर्षात याच्या उलट. मोठे प्रकल्प आखणारा माणूस शंकेनं थबकला तर प्रकल्प कागदावरच राहतो, म्हणून त्याची खटकच मऊ करायची. साक्षीला सरकारी घर आणि जन्मभर काम. नियोजकाला त्याच्या अडीचपट पगार. दोन्ही वळणं कायमची.

रेवाच्या घरी हा विषय संध्याकाळी साडेपाचला निघाला. मगदूम मंडळी सूर्यास्ताच्या आत जेवतात, त्यामुळे या घरात भांडणालाही सूर्यास्ताची मुदत असते.

"नियोजक व्हायचं," तिचे वडील म्हणाले. भूपाल मगदूम यांना घर आणि गाव दोन्ही आण्णा म्हणत. त्यांचं पेठेत पाण्याच्या मोटरी रिवाइंड करायचं दुकान होतं. "दीड वर्षात मोकळी. पगार बघ, वय बघ."

"सर म्हणतात, साक्षीला मान आहे."

"मान असतोय की. पण मान घेऊन कुणाच्या घरात नांदायला जाणार? ती शिरोळच्या लग्नातली साक्षी आठव जरा."

रेवाची आई सुनंदा ताटात भाकरी टाकता टाकता म्हणाली, "बिचारी गप जेवत होती गं. कोण तरी म्हणालं, आमटी झकास झालीय. आणि हिची डावी पापणी उडाली. सगळ्या पंगतीनं बघितलं. आचारी रडायचा बाकी राहिला होता."

"आमटी वाईट होती का?" रेवानं विचारलं.

"वाईट होती," आण्णा म्हणाले, "पण ते सगळ्यांना माहीत होतं की! पापणी कशाला उडवायची? असलं माणूस घरात म्हणजे रोज ताटासमोर कोर्ट. आपली पद्मा बघ. वेळेत ओळखलं तिनं. तिला आकड्यांचा कंटाळा होता, सोडलं, संसाराला लागली."

"तिला आकड्यांचा कंटाळाच होता," आई म्हणाली.

पद्मा म्हणजे रेवाची अक्का, सहा वर्षांनी मोठी. तीही आरवाडे सरांकडेच लेखा तंत्रज्ञ होती. रेवा कॉलेजात असताना ती अचानक काम सोडून लग्न करून इचलकरंजीला गेली, आणि त्या दिवसापासून रेवाला घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. रोज दुपारी अक्काला फोन केल्याशिवाय रेवाचं जेवण खाली उतरत नसे. एवढं एकच माणूस असं होतं, ज्याच्याशी बोलताना तिला शब्द निवडावे लागत नसत.

अर्जाच्या आधी खटक मोजून घ्यावी लागते. टोपी आरवाडे सरांच्या ऑफिसातच होती; मंडळानं त्यांना तालुक्याचं केंद्र दिलं होतं. सर सत्तरीला आले होते. आयुष्यभर लोकांचे ताळेबंद पास करून त्यांना मधुमेह आणि आदर एवढंच मिळालं होतं.

"आधी आधाररेषा घेऊ," सर टोपीचा पट्टा बांधत म्हणाले. "दहा वाक्यं लिही. अशी, की ज्यांबद्दल तुला तिळमात्र शंका नाही. ती वाचताना मेंदू किती शांत राहतो ते यंत्र बघतं, आणि मग खोटं दाखवतं."

रेवानं लिहिलं. माझं नाव रेवा. आमच्या दुकानाचं शटर निळं आहे. आईला पित्ताचा त्रास आहे. अशी पाच झाली. सहावं लिहिलं, पद्मा अक्कानं आकड्यांचा कंटाळा आला म्हणून काम सोडलं. मग उरलेली चार. आणि ती एकेक करून पडद्यावर वाचू लागली.

यंत्र म्हणालं, "आधाररेषा अस्थिर. वाक्य क्रमांक सहा बदलावे."

"दुसरं काहीतरी लिही," सर घाईनं म्हणाले. "हवामानाबद्दल लिही."

"सर, पण हे खरं आहे."

"असेल. पण यंत्राला पटत नाही तर बदलून टाक. कशाला वेळ घालवायचा?"

"यंत्राचा काय संबंध? यंत्र माझाच मेंदू वाचतंय ना?"

सर पेनाचं टोपण काढून लावू लागले. काढून पुन्हा लावू लागले.

तंत्रज्ञाला पहिल्या आठवड्यात शिकवतात, की दोन बाजू जुळल्या की नोंदीवर हिरवी खूण करायची आणि खूण केलेल्या नोंदीकडे पुन्हा बघायचं नाही. वेळ असतो तो न जुळणाऱ्या नोंदींसाठी. पद्मा अक्काबद्दल आण्णा जे वाक्य बोलायचे तेच आई बोलायची. तेच आत्या. तेच शेजारच्या चौगुले काकू. तेच खुद्द अक्का. सगळीकडे जुळत होतं, म्हणून रेवानं सात वर्षांपूर्वीच त्यावर हिरवी खूण केली होती. एखाद्या व्यापाऱ्यानं पाच दुकानांच्या पाच पावत्या एकाच हस्ताक्षरात आणल्या असत्या, तर तिनं त्या तिथंच बाजूला काढल्या असत्या. पण घर म्हणजे काही ऑफिस नव्हे, असं तिला वाटत होतं.

"सर, अक्का या खुर्चीवर बसली होती का?"

सरांनी पेन खिशात ठेवलं. मग म्हणाले, "त्र्याऐंशी."

"काय त्र्याऐंशी?"

"तिची खटक. जिल्ह्यात तोवर कुणाचीच एवढी आली नव्हती. मी पेढे मागवले होते. दुसऱ्या दिवशी भूपाल आला. म्हणाला, अर्ज मागं घ्या, मी तिला एकोणीस आली म्हणून सांगतो."

"आणि तुम्ही?"

"मी काहीच सांगितलं नाही तिला. जे सांगितलं ते त्यानं."

"अर्ज मागं घ्यायला केंद्रप्रमुखाची सही लागते, सर."

"सही केली," सर म्हणाले. "सही करायची सवयच असते आम्हाला."

रेवानं सहावं वाक्य खोडून 'आज मंगळवार आहे' असं लिहिलं. आधाररेषा लगेच स्थिर झाली. तिची खटक आली एकाहत्तर.

"एकाहत्तर चांगले आहेत," सर म्हणाले. "साक्षी हो. निदान तू तरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं फोन न करता थेट इचलकरंजी गाठली. अक्का स्वयंपाकघरात भडंग परतत होती. एवढी मोठी कढई, की त्यात लहानसं लग्न उरकलं असतं.

"यांच्या मित्रांना लागतं," अक्का म्हणाली. "सारखे येतात. बस. तोंड असं का झालंय?"

"त्र्याऐंशी."

अक्काचा उलथनं धरलेला हात थांबला नाही. लसूण करपू नये म्हणून ती परतत राहिली.

"सरांनी सांगितलं होय? म्हातारा झाला. पोटात काही राहत नाही."

"तुला माहीत होतं?"

"आण्णा म्हणाले एकोणीस. आता तूच सांग, जिची त्र्याऐंशी आहे तिला एकोणीस पटेल का?" अक्का हसली. "ते वाक्य पुरं करायच्या आधीच कळलं मला. आणि कळलं म्हणूनच मी पास झाले होते, हेही कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांचं तोंड बघत होते. रेवा, ते घाबरले होते गं. मला. त्यांच्याकडं लपवायला काय आहे? चार मोटरींची जुनी तार नवी म्हणून घातली असेल. आईला न सांगता आत्याला दोन वेळा पैसे दिले असतील. एवढ्यासाठी माणूस पोरीला घाबरतो. मी म्हटलं, मला नाही तरी आकड्यांचा कंटाळाच होता. त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी ते पाठच केलं. मग आईला शिकवलं."

दाराशी चप्पल वाजली. अक्काचे यजमान अभिनंदन शेटे आत आले. सुताचा व्यापार होता त्यांचा.

"अरे वा, मेव्हणीबाई! बसा, बसा. मी कोल्हापूरला जाऊन आलो जरा. बँकेत काम होतं."

"हात धुवून घ्या," अक्का म्हणाली. "वाढते."

दाजी आत गेले. रेवाला काहीतरी खटकलं. तिनं अक्काकडे पाहिलं. अक्का कढईत बघत होती.

"अक्का, आज बँकांना सुट्टी आहे."

"हळू बोल."

"तू काही बोलत का नाहीस?"

"पहिल्या वर्षी खटकायचं," अक्का म्हणाली. "रात्र रात्र खटकायचं. मग होते सवय. सवय होते म्हणून तर राहता येतं. तुझा तो कोर्स ती सवयच काढून घेतो, हे कळतंय ना तुला?" तिनं गॅस बंद केला. "साक्षी व्हायचं तर हो. तुझी हुशारी आहे, मी कोण नको म्हणणार? पण मग मला फोन करू नकोस."

"असं काय बोलतेस?"

"रोज दुपारी तू विचारतेस, कशी आहेस. मी म्हणते, मजेत. तेवढंच माझ्याकडं उरलंय बघ, ते मजेत म्हणणं. समोर पापणी उडवणारं कुणी बसलं, तर मला तेही म्हणता यायचं नाही."

रेवा परत निघाली तेव्हा अक्कानं तिच्या पिशवीत भडंगाचा डबा घातला आणि म्हणाली, "मजेत आहे मी. आण्णांना सांग."

एकोणतीस जूनला रेवा सांगलीच्या नोंदणी केंद्रात गेली. काउंटरवरच्या बाईंनी दोन अर्ज समोर ठेवले. साक्षीचा पिवळा, नियोजकाचा निळा.

"वाचून सही करा," बाई म्हणाल्या. "नंतर वाचून उपयोग नाही."

रेवा बाकावर बसली. साक्षी झाली तर तिला आयुष्यभर सगळं खरं कळणार होतं, आणि ते जिच्यासाठी कळून घ्यायचं तिच्या दाराशी तिला जाता येणार नव्हतं. नियोजक झाली तर अक्का रोज दुपारी मजेत म्हणेल आणि आपल्याला ते पटेल. दोन्हीकडं तोटा होता. एकीकडं निदान फोन होता. तंत्रज्ञाच्या सवयीनं तिनं दोन्ही बाजू पुन्हा एकदा तपासल्या, आणि निळ्या अर्जावर सही केली.

घरी आण्णांनी पेढे वाटले. "मी काही दबाव टाकला नाही हं," ते शेजाऱ्यांना सांगत होते. "पोरीनं स्वतःहून निवडलं." रेवाला खटकलं. पण आता थोडेच दिवस, असं म्हणून तिनं एक पेढा खाल्ला.

आरवाडे सर तिच्याशी बोलले नाहीत. तिच्या नोंदणीवर केंद्रप्रमुखाची सही लागत होती, ती त्यांनी केली.

दीड वर्षाचं प्रशिक्षण पुण्यात झालं. रोज सकाळी कानामागं दोन चकत्या आणि समोर पडदा. 'अंदाज म्हणजे ज्यातली शंका काढून टाकली आहे असा आकडा,' असं पहिल्याच तासाला शिकवलं. त्रास काहीच नव्हता. तिसऱ्या महिन्यात रेवानं एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून दोन जलशुद्धी यंत्रं घेतली. दोघांनीही आपलं सर्वोत्तम असल्याचं सांगितलं होतं. पाचव्या महिन्यात तिच्या वर्गातल्या सोळा जणांनी एकाच माणसाकडून एकच प्लॉट घेतला आणि शेजारी मिळाले म्हणून पार्टी केली. मंडळानं याची नोंद 'प्रगती समाधानकारक' अशी केली.

तिची स्मरणशक्ती शाबूत होती, हे सांगायला हवं. ती काहीही विसरली नाही. त्र्याऐंशी, एकोणीस, सरांच्या पेनाचं टोपण, सगळं जागच्या जागी होतं. फक्त त्या गोष्टी आता एकमेकींशी भांडत नव्हत्या. आण्णांनी अक्काला खोटं सांगितलं, हे तिला माहीत होतं. आण्णा कधी खोटं बोलत नाहीत, हेही तिला माहीत होतं. दोन्ही खरंच होतं. तिला बरीच वर्षं इतकी शांत झोप लागली नव्हती.

अक्काचे फोनही सुंदर झाले. पूर्वी 'मजेत' नंतर दोघी क्षणभर गप्प व्हायच्या. आता तो क्षण उरला नाही. अक्का मजेत म्हणाली, की रेवा लगेच म्हणायची, "छान!" आणि पुढच्या विषयाला जायची. फोन पाच मिनिटांत उरकू लागला. मग तीन.

सनद मिळाल्यावर किनारपट्टीवर नवं शहर आखणाऱ्या एका कंपनीत ती लागली. समुद्र पुढे येणार नाही, असं त्या शहराच्या आराखड्यात गृहीत धरलेलं होतं आणि रेवानं त्यावर फार सुरेख काम केलं. दिवाळीनंतर ती पंधरा दिवस घरी आली होती, तेव्हाची गोष्ट.

सकाळी अकराच्या सुमारास दारात रिक्षा थांबली. अक्का उतरली. दोन मोठ्या बॅगा, एक गाठोडं, आणि हातात प्रेशर कुकर.

आण्णा दुकानाला निघाले होते, ते उंबऱ्यावरच उभे राहिले. त्यांनी बॅगा पाहिल्या, कुकर पाहिला, आणि हळूच चप्पल काढून पुन्हा आत येऊन बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि पदर तोंडाला लावून तशीच आत गेली.

रेवा मात्र धावत पुढं गेली. "अक्का! कळवलं का नाहीस? आणि कुकर कशाला आणलास?"

अक्का तिच्याकडे बघत राहिली. तिच्या गळ्यात काही नव्हतं आणि हातात काचेच्या दोन बांगड्या होत्या.

"शिट्टी बिघडलीय," अक्का म्हणाली. "म्हटलं, इथं दुरुस्त करून न्यावा."

"बरोबर आहे. इथले कारागीर चांगले आहेत."

"सुट्टीला आलेय, रेवा. यांनीच पाठवलं."

"वा! दाजींचं मला हेच आवडतं."

आण्णांनी मान खाली घातली. अक्का सोफ्यावर बसली. तिनं रेवाचा हात धरून तिला समोर बसवलं. मग पदर जरा मागं सारला, म्हणजे कानाखालचं हिरवं-निळं दिसेल इतपत.

"दार लागलं," ती म्हणाली.

"अगंबाई. जपून चालायचं ना. आईकडं मलम आहे, देते थांब."

"राहू दे. इकडं बघ जरा." अक्कानं तिचा हात सोडला नाही. ऐकायला कमी येणाऱ्या माणसाशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "मी. मजेत. आहे."

आणि थांबली. त्र्याऐंशी खटकेची ती बाई धाकट्या बहिणीच्या तोंडाकडे टक लावून बघत थांबली. रेवाचा चेहरा आनंदानं उजळला होता. त्यावर दुसरं काहीही उमटलं नाही.

"दिसतंच आहे गं!" रेवा म्हणाली. "बारीक झालीस, छान दिसतेस. किती दिवस आहेस?"

"बघू."

"बघू काय? नीट आखू या. नाहीतर तुझी सुट्टी अशीच घरात बसून जाईल."

रेवानं तिथल्या तिथं आखायला घेतलं. ते तिचं कामच होतं आणि ती त्यात वाकबगार होती. दहा दिवस धरले. पहिला दिवस आराम. दुसऱ्या दिवशी बाहुबलीचं दर्शन. तिसऱ्या दिवशी सांगलीला साड्या. कुकर चौथ्या दिवशी. अक्का काहीच बोलत नव्हती, म्हणजे तिला सगळं पसंत होतं. दहाव्या दिवशी संध्याकाळी पाचला दाजींनी न्यायला यावं, म्हणजे जेवण सूर्यास्ताच्या आत उरकून निघता येईल, हेही बसवलं, आणि तसा निरोप तिनं दाजींना लगेच पाठवून दिला.

"कुणाला पाठवलंस?" अक्कानं विचारलं.

"दाजींना. तू इथं पोचलीस म्हणून त्यांनाही बरं वाटेल ना."

आण्णा उठून उभे राहिले. या घरात खरं कसं बोलायचं, हे त्यांना त्या क्षणी आठवेना.

दाजींचं उत्तर दोन मिनिटांत आलं. रेवानं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचून दाखवलं:

"'तिकडंच आहे होय? बरं झालं सांगितलंत. दहा दिवस कशाला, आजच येतो. फार आठवण येतेय तिची.'"

"बघ!" ती अक्काला म्हणाली, आणि पाहुणा जेवायला येणार म्हणून आईला भाकरी वाढवायला सांगायला आत गेली.